सेटलमेंटचें कुंपण

सोलापुरांत रिक्षावाल्यास 'सेटलमेंटला चल' असें सांगितलें, तर तो पुन्हां पत्ता विचारीत नाहीं. मुलें शाळेच्या अर्जावर तो शब्द लिहितात, पोस्टमन तेथें पत्रें टाकतो. पण हा इंग्रजी शब्द आमच्या गांवच्या नकाशावर येऊन कसा बसला, असें विचारलें असतां पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ 'साहेबाच्या वेळची कांहीं वसाहत असेल' एवढेंच उत्तर देतात. वयाच्या पंचविशीपर्यंत आम्हींही तेंच उत्तर दिलें असतें. ती वसाहत होती हें खरें. मात्र तिच्याभोंवतीं काटेरी तारेचें कुंपण होतें, आंत राहणाऱ्यांस हजेरी होती, आणि परवानगीवांचून बाहेर रात्र काढणें हा गुन्हा होता. त्या माणसांपैकीं अनेकांनीं जन्मांत कधीं कोणाची काडीही उचललेली नव्हती. त्यांचा अपराध एकच, कीं ते अमुक एका आईच्या पोटीं जन्मले.

१८७१ सालीं हिंदुस्थान सरकारनें 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट', म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा, मंजूर केला. आरंभीं तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या सुधारलेल्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यापर्यंत पोंचला व १९२४ सालीं त्यास अखेरचें रूप आलें. त्याचा गाभा सांगण्यास दोन वाक्यें पुरेशीं आहेत. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणें गुन्हे करण्याच्या आहारीं गेला आहे असें प्रांतिक सरकारास वाटलें, तर त्यानें तशी जाहिरात गॅझेटांत द्यावी. आणि ती जाहिरात रास्त कीं गैर, हें कोणत्याही न्यायालयानें विचारूं नये.

वाचकांनीं हें दुसरें वाक्य पुन्हां एकदां वाचावें, अशी आमची विनंती आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत व्यवहाराचे, म्हणजे खटल्याचे, चार पाद सांगितले आहेत. प्रथम वादीची फिर्याद, नंतर प्रतिवादीचें उत्तर, मग पुरावा आणि सरतेशेवटीं निर्णय. चार पायांचें जनावर तीन पायांवर लंगडत कां होईना चालतें. पण या कायद्यानें पहिला पाय ठेवला तोच शेवटचा. फिर्याद सरकारची आणि निर्णयही तिच्यांतच आलेला! मधल्या उत्तराला आणि पुराव्याला जागाच उरली नाहीं. कैकाड्यानें, पारध्यानें, मांग-गारुड्यानें अगर भामट्यानें 'मीं काय केलें?' असें विचारावयाचें तरी कोणास?

आपल्या जुन्या ग्रंथांचा हवाला दिला म्हणून त्यांचें व्यंग झांकणें बरें नव्हे. त्याच स्मृतींत एकाच अपराधास ब्राह्मणाला एक दंड आणि शूद्राला दुसरा, अशी जन्मावरून केलेली वांटणी आहे. तेव्हां माणसाचा न्याय त्याच्या कुळावरून करण्याची खोड आम्हांस इंग्रजानेंच लावली असें म्हणण्याची सोय नाहीं. इंग्रजानें तिला छापील फॉर्म, रजिस्टर आणि अंगठ्याचा ठसा दिला इतकेंच.

त्या रजिस्टरांत ज्याचें नांव चढे, त्यास ठरल्या वेळीं पोलिसांपुढें हजर व्हावें लागे. गांव सोडावयाचें तर पास घ्यावा लागे. कांहीं ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदां शिक्षा झाली तर कमींत कमी सात वर्षें, तिसऱ्यांदां झाली तर जन्मठेप काळें पाणी, असा साधारण नियम होता. इतर कोणास त्याच चोरीबद्दल कदाचित् सहा महिने मिळाले असते. सर्वांत भयंकर कलम मुलांविषयींचें होतें. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून वेगळें काढून उद्योगशाळेंत किंवा सुधारशाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे घेतला होता. सहा वर्षांचें मूल! आमच्या घरांत त्या वयाचें मूल अजून आजीच्या हातानें जेवत असतें.

या जमाती मुळांत कोण होत्या? लमाण बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य देशभर नेत असत. १८६० सालीं आगगाडी सोलापुरापर्यंत आली आणि तांड्यांचें काम तिनें ओढून नेलें. पारध्यांचें पोट रानांतल्या शिकारीवर होतें. जंगलाच्या कायद्यांनीं रान सरकारचें झालें. ज्यांचे धंदे बुडाले त्यांपैकीं कांहीं चोरीकडे वळले, हें आम्ही नाकारीत नाहीं. वाटसरू लुटले जात, खळ्यांवरील धान्य नाहींसें होई, आणि ज्याचें घर फुटलें त्याचें दुःख खोटें नव्हतें. पण चोरास पकडून त्याच्यावर खटला चालविणें कठीण म्हणून त्याच्या सगळ्या जातीस दोषी धरणें, हा राज्यकर्त्याचा आळस होय, न्याय नव्हे.

येथवर वाचकांचें व आमचें एकमत असेल. खरी अडचण पुढें आहे. सोलापूरची सेटलमेंट हा तुरुंग आहे, असें तिच्या चालकांस मुळींच वाटत नव्हतें. विजापूर, हुबळी, गदग, बारामती येथेंही अशा वसाहती झाल्या. मुंबई इलाख्यांत या खात्याचे प्रमुख असलेले स्टार्ट हे कळकळीचे अधिकारी होते. सोलापुरांत कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशननें हें काम चालविलें व आपल्या वसाहतीस 'उमेदपूर' असें गोड नांव दिलें. तेथें शाळा होती, औषधपाणी होतें, आणि मुख्य म्हणजे कापडाच्या गिरण्यांत काम होतें. फिरस्त्यांस एका जागीं बसवावें, त्यांच्या हातास धंदा व मुलांस अक्षर द्यावें, यांत वाईट तें काय?

या प्रश्नावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. आम्हीं स्वतः छत्तीस वर्षें मुलांस 'त्यांच्या हितासाठीं' बांकावर बसविलें. तेव्हां हिताच्या नांवानें सत्ता चालविण्याचा मोह आम्हांस परका नाहीं. आमचें उत्तर असें आहे. शाळा चांगली असेल तर तिच्याभोंवतीं तार कशाला? गिरणींतील काम फायद्याचें असेल तर कामकऱ्यास तें सोडून जाण्याची मुभा कां नसावी? आणि जो मजूर काम सोडून जाऊंच शकत नाहीं, तो मजुरीचा दर काय ठरविणार! भोंगा वाजला कीं इतर कामकरी आपल्या घरीं जात. हे हजेरीला जात. क्रूर सरकारशीं माणूस भांडूं तरी शकतो. जें सरकार दयाळूपणानें कुंपण घालतें आणि वर 'हें तुझ्याच भल्यासाठीं' असें सांगतें, त्याच्याशीं भांडणारा कृतघ्न ठरतो. म्हणून आम्हांस असल्या दयेचें भय अधिक वाटतें.

आमचें सोलापूर सरकारी जुलमापुढें मान तुकविणारें गांव म्हणून प्रसिद्ध नाहीं. ६ एप्रिल १९३० रोजीं येथील म्युनिसिपालिटीच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण चढलें. पुढें मे महिन्यांत गांधीजींच्या अटकेनंतर गोळीबार व दंगल झाली आणि १२ मे पासून जूनअखेर शहरावर लष्करी कायदा होता. निशाण बाळगणें हासुद्धां अपराध ठरला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं देण्यांत आलें. त्यांचे पुतळे शहराच्या मध्यभागीं उभे आहेत आणि त्या चौकांतून जातांना आमचा हात आजही आपोआप जोडला जातो.

त्या सात आठवड्यांचें लष्करी राज्य आम्ही पिढ्यान् पिढ्या विसरलों नाहीं. आणि विसरूंही नये. पण त्याच शहराच्या कडेला तीस वर्षांहून अधिक काळ हजारों माणसें हजेरी आणि पास यांच्या राज्यांत राहत होतीं, त्याची आठवण कोणास आहे? मार्शल लॉ उठला तेव्हां गांवानें मोकळा श्वास घेतला. कुंपणाच्या आंतल्या माणसास त्या दिवशीं कांहींच निराळें वाटलें नसेल. स्वातंत्र्य आपल्यापुरतें मागण्याची आम्हां मध्यमवर्गीयांची संवय जुनी आहे.

काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळांत, १९३७ नंतर, मुनशी यांच्या अध्यक्षतेखालीं या कायद्याची चौकशी झाली. मुंबई प्रांतानें १९४९ सालीं तो रद्द केला आणि अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो सर्व देशांतून गेला. त्या वेळीं सुमारे १२७ जमाती त्याच्या कक्षेंत होत्या. स्वातंत्र्याचा सूर्य उगवूनही त्यांना पांच वर्षें वाट पाहावी लागली. या लोकांस 'विमुक्त' म्हणूं लागले. पण त्या कायद्याच्या जागीं ठिकठिकाणीं सराईत गुन्हेगारांविषयींचे कायदे आले. मुंबईचा असा कायदा १९५९ चा आहे. यांत जमातीचें नांव नाहीं, पूर्वीच्या शिक्षा पाहिल्या जातात, हा भेद मोठा आहे व तो मान्य केला पाहिजे. तथापि कागदावरची जात गेली म्हणजे पोलिसाच्या मनांतील जात जाते असें नाहीं. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगानें २००८ सालीं या लोकांच्या स्थितीचा अहवाल दिला, आणि त्यानंतर सोळा वर्षांनीं सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं असें सांगावें लागलें, कीं तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाका, कैद्यास जातीवरून काम देऊं नका, आणि विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानीनें अटक करूं नका. म्हणजे १९५२ नंतर बहात्तर वर्षांनीं!

पण पोलिसास बोल लावण्यापूर्वीं आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. नोकरीच्या तिसऱ्या कीं चवथ्या वर्षीं आठवीच्या वर्गाच्या सहलीचे पैसे आमच्याकडे जमा झाले होते. दुपारच्या सुट्टीनंतर पाकीट दिसेना. वर्गांत अठ्ठेचाळीस मुलें होतीं. त्यांत सेटलमेंटमध्यें राहणारा एकच मुलगा होता, आणि आम्हीं प्रथम त्यालाच उभें केलें. त्याचें दप्तर टेबलावर रिकामें करविलें. वह्या, कंपासपेटी, फडक्यांत बांधलेली भाकरी. आम्ही तेव्हां वर्गांत समतेवर मोठमोठे निबंध लिहवून घेत असूं. पाकीट सायंकाळीं आमच्याच हजेरीपटांत सांपडलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गापुढें आपली चूक कबूल केली आणि त्या मुलाची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. पण त्यानंतर आठवडाभर तो वर्गांत आला, कीं आधीं आमच्या टेबलाजवळ येई, दप्तर उघडून दाखवी आणि मगच जागेवर जाऊन बसे. 'अरे, नको' म्हणून आम्हीं कितीदां तरी सांगितलें. शेवटीं त्याचे आजोबा शाळेंत आले. गिरणींतून निवृत्त झालेले, डोक्यास पांढरें मुंडासें. आम्ही त्यांचीही क्षमा मागूं लागलों, तर ते म्हणाले, "गुरुजी, त्याला मीच तसं सांगितलंय. आधीच दाखवलं म्हंजे मागनं कुणी इचारत न्हाई." आपल्या तरुणपणीं ते कुंपणाच्या आंत हजेरी देत होते. तें शहाणपण त्यांनीं तेथें मिळविलेलें होतें आणि नातवास वारशानें देत होते.

हें लिहिण्यास कारण घडलें तें आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या गेल्या सभेंत. टोपल्या-केरसुण्या विकणाऱ्या बायका आवारांत येतात; त्या कैकाडी-पारधी असतात, सबब रखवालदारानें त्यांस फाटकावरच अडवावें, असा ठराव एका सभासदानें मांडला. ठराव मांडणारे गृहस्थ सज्जन आहेत. आमच्या आजारपणांत त्यांनींच रात्रीं गाडी काढली होती. आम्हीं विचारलें, चोरी कोणती झाली? दोन वर्षांपूर्वीं एक सायकल गेली होती, एवढेंच कोणास आठवलें. ती कोणीं नेली? तें ठाऊक नव्हतें. मग आम्हीं सुचविलें, कीं आंत येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाचें नांव वहींत लिहावें. फेरीवाल्याचें, कुरिअरवाल्याचें आणि आपल्या जांवयाचेंही. जांवयाच्या उल्लेखानें थोडा हशा झाला. अध्यक्षांनीं घड्याळाकडे पाहिलें व विषय पुढील सभेवर टाकला. ती सभा येत्या महिन्यांत आहे, आणि आम्ही तेथें जाणार आहों.