कुलूप शाबूत, सायकल गायब: बागेतल्या शेडमध्ये सायकल सुरक्षित कशी ठेवायची?

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. सकाळी मागच्या बागेत गेलो तर शेडचं कुलूप जसंच्या तसं होतं. दार मात्र कुलपाच्या बाजूने लोंबकळत होतं. चोराने कुलपाला हातही लावला नव्हता. बिजागऱ्यांचे चौकटीकडचे सहा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने काढले, दार बाजूला सारलं आणि दोन्ही सायकली नेल्या. स्क्रू गवतात पडलेले मिळाले. बायको पहाटेच्या शिफ्टला सायकलनेच जायची, कारण त्या वेळी आमच्याकडे बस नसते. विमा होता, पण कंपनीने पॉलिसीतली एक ओळ दाखवली: शेडमधली सायकल आत पक्क्या जागी बांधलेली असली पाहिजे. आमच्या सायकली नुसत्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. क्लेम नामंजूर.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांची अडचण तीच आहे. एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगा, आत शिरल्यावर अरुंद बोळासारखा पॅसेज, त्यात दोन सायकली मावत नाहीत. मग त्या जातात मागच्या लाकडी शेडमध्ये. ही शेड मुळात गवत कापायचं मशीन आणि फावडी पावसापासून वाचवायला बनवलेली असते. स्वस्त शेडच्या भिंतीची फळी जेमतेम 7-8 मिलिमीटर जाड असते. पहारीचा एक झटका पुरतो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की शेडला तिजोरी समजू नका, पडदा समजा. खरी सुरक्षा आतल्या जमिनीत असते.

आधी दार

तरीही पडदा नीट हवाच. चोरी करणारा माणूस कुलूप बघत नाही, सगळ्यात कच्ची जागा बघतो. बहुतेक शेडचा कडी-कोयंडा आणि बिजागऱ्या बाहेरून, लाकडात घुसवलेल्या छोट्या स्क्रूंवर उभ्या असतात. त्या स्क्रूंच्या जागी कोच बोल्ट लावा. याचं डोकं गोल, गुळगुळीत असतं, त्यावर ना पाना बसतो ना स्क्रूड्रायव्हर. डोक्याखालचा चौकोनी भाग लाकडात किंवा पट्टीच्या चौकोनी भोकात रुततो, त्यामुळे बोल्ट बाहेरून फिरत नाही. नट आणि मोठा वॉशर आतल्या बाजूला. फळी पातळ असेल तर आतून स्टीलची पट्टी लावून बोल्ट तिच्यातून घ्या, नाहीतर अख्खी कडी फळीसकट उपटून येते. सगळं मिळून एका दुपारचं काम आहे. मी ते चोरीनंतर केलं, हा भाग वेगळा.

खिडकी असेल तर आतून दूधकाचेसारखी फिल्म चिकटवा. आत काय आहे ते दिसलंच नाही तर निम्मा मोह तिथेच संपतो.

मग जमीन

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ग्राउंड अँकर म्हणजे जमिनीला ठोकलेला पोलादी आकडा, त्यातून साखळी ओवायची. पण ‘जमीन’ म्हणजे शेडची लाकडी फरशी नव्हे! तिला लावलेला अँकर फळीसकट वर येतो. सुट्या फरशीच्या लादीवर लावला तर लादी उचलता येते. अँकर खालच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्येच हवा. लाकडी फरशी असेल तर तिला चौकोनी खाच कापा आणि थेट काँक्रीटमध्ये ड्रिल करा, स्लॅबच्या कडेपासून लांब, नाहीतर कड फुटते.

अँकरसोबत एक्स्पान्शन बोल्ट येतात. बोल्ट आवळला की त्याच्या टोकाची पाचर बाहेरची नळी फुलवते आणि ती भोकाच्या भिंतीवर घट्ट बसते. आता प्रश्न येतो की आवळता येतं ते सोडवता येणार नाही का? म्हणून बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत एक पोलादी छर्रा हातोडीने ठोकून बसवतात. खाच कायमची बंद होते. त्यामुळे छर्रा ठोकण्याआधी अँकरची जागा तीनदा बघून घ्या.

शेड नुसत्या खडीवर उभी असेल तर फरशीखाली खड्डा खणून काँक्रीट ओता आणि ओलं असतानाच त्यात गाडायचा अँकर बसवा. काँक्रीटची पूर्ण ताकद साधारण 28 दिवसांनी धरतात, तेवढा धीर धरा.

साखळी किती जाड? 16 मिलिमीटरची कडक पोलादी साखळी हातातल्या बोल्ट कटरला सहसा दाद देत नाही. वजनाने ती सोबत फिरवण्यासारखी नाही, पण शेडमध्ये कायमची पडून राहणार असेल तर वजनाचं दुःख कशाला? साखळी चाकातून नाही, फ्रेममधून घ्या. कुलूप घेताना ‘सोल्ड सिक्युअर’चा शिक्का बघा. ब्रिटनमधली ही चाचणी-संस्था कुलपांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा श्रेणी देते. विमा कंपन्या बरेचदा ठरावीक श्रेणी मागतात, म्हणून आधी पॉलिसी वाचा, मग कुलूप घ्या. आम्ही उलट केलं.

बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे साधं पोलाद फार वेळ टिकत नाही, हेही खरं. शेडचा एक तोटा लोक लक्षात घेत नाहीत: रस्त्यावर ठिणग्या चार लोकांना दिसतात, शेडमध्ये चोर निवांत आडोशाला असतो. म्हणून आवाज आपण पुरवायचा. दाराला चुंबकी सेन्सरचा अलार्म लावा. चौकटीवरच्या काचेच्या नळीत दोन पातळ पत्र्या असतात, दारावरचं चुंबक जवळ असेपर्यंत त्या चिकटलेल्या राहतात, दार हललं की सुटतात आणि सर्किट तुटून भोंगा वाजतो. हालचाल ओळखणारा सेन्सर मी काढून टाकला. भिंगावर कोळी चालत गेला तरी तो रात्री दोनला गल्ली उठवायचा. अलार्म वायफायवर असेल तर 2.4 गिगाहर्ट्झचा बँड वापरा, 5 पेक्षा तो भिंतींतून जास्त लांब पोचतो.

एअरटॅगसारखा ट्रॅकर लपवून ठेवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. कुणाचा छुपा पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना फोनवर येते. ती चोरालाही येते.

ई-सायकल असेल तर

बॅटरी काढून घरात आणा. ती महाग असते हे एक कारण. दुसरं कारण थंडी. शून्य अंशाखाली चार्ज केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूच्या थरासारखं साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते, धोकादायकही होऊ शकते. हिवाळाभर वापरणार नसाल तर 30 ते 60 टक्के चार्जवर कोरड्या, थंडगार खोलीत ठेवा. सायकलवर प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दव साचून साखळी गंजते. शेडला वर-खाली छोट्या जाळ्या लावून वारा खेळता ठेवा.

हे सगळं आपल्याकडे बंगल्याच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडलाही लागू पडतं, बिजागरीचं तर नक्कीच.

आणि एक पाच मिनिटांचं काम आजच करा. सायकल उलटी करून पेडलच्या दांड्याखाली कोरलेला फ्रेम नंबर शोधा, फोटो काढा आणि ब्रिटनमध्ये असाल तर ‘बाइकरजिस्टर’वर नोंदवा. पोलीस सापडलेल्या सायकली त्या यादीशी ताडून बघतात. माझ्याकडे दोन्हींपैकी एकाही सायकलचा नंबर नव्हता. तक्रार लिहून घेणाऱ्याला मी एवढंच सांगू शकलो: एक निळी, एक काळी, काळीला पुढे टोपली.