काचेवर चिकटवलेली अंडी

घाटकोपरच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी तीन फूट लांबीची मत्स्यटाकी आहे. तीत गप्पी, मोली, काही टेट्रा, दोन एंजल आणि तळाशी सहा कोरी कॅटफिश असे मासे एकत्र नांदतात. शौकीन लोक अशा टाकीला ‘कम्युनिटी टँक’ म्हणतात. आपण सामाईक टाकी म्हणू. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि रात्रभर जोराचा पाऊस पडून गेला होता. सकाळी नववीच्या मुली सांगत आल्या, “सर, काचेवर कुणीतरी साबुदाणा चिकटवलाय!” तो साबुदाणा म्हणजे कोरींची अंडी होती. मुलींनी मोजली, ती चौऱ्याहत्तर भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ उरली होती.

मुलांचे प्रश्न सरळ होते. अंडी कुणी खाल्ली? आणि आईने ती राखली का नाहीत?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे: सगळ्यांनी मिळून खाल्ली. एंजल आणि टेट्रा यांचा त्यात हात होताच, पण ज्यांनी अंडी घातली त्या कोरींनीही आपला वाटा उचलला असणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याला थेट दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांपर्यंत घेऊन जाते.

आपल्याकडे दुकानांत सर्रास मिळणारी कोरी म्हणजे कोरिडोरस एनियस. थिओडोर गिल याने १८५८ मध्ये त्रिनिदाद बेटावरील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. (२०२४ मध्ये या गटाची फेरमांडणी होऊन ती ऑस्टिओगॅस्टर या प्रजातीत गेली, दुकानदार अर्थातच तिला कोरीच म्हणतात.) ग्रीक भाषेत ‘कोरिस’ म्हणजे शिरस्त्राण आणि ‘डोरा’ म्हणजे कातडे. नाव अगदी चपखल आहे, कारण या माशाला खवले नसतात. दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात. मिशांनी वाळू चाचपत तो तळाशी अन्न शोधतो. मध्येच झरकन वर येऊन हवेचा एक घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. ही हवा तो गिळतो. आतड्याच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, तिथे तिच्यातला प्राणवायू शोषला जातो. कल्ले आहेतच, पण पाण्यात प्राणवायू कमी पडला तर हा जोडमार्ग उपयोगी येतो. हे आतडे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

मूळ प्रदेशात कोरडा ऋतू संपून पाऊस आला की ओढ्यात थंड, ताजे पाणी येते. तोच विणीचा इशारा असतो. टाकीत तो कृत्रिम रीतीने देता येतो: काही दिवस चांगले खाणे द्यायचे आणि मग पाव ते निम्मे पाणी काढून, दोन-तीन अंश थंड पाणी हळूहळू घालायचे. मुंबईत यात दोन अडचणी आहेत. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी टाकीतल्या माशांपेक्षाही गरम असते. ते रात्रभर बादलीत किंवा माठात ठेवून पहाटे वापरावे. दुसरी अडचण क्लोरीनची. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचे पाणी नळाला येण्यापूर्वी त्यात क्लोरीन मिसळतात. रात्रभर उघडे ठेवल्याने बराचसा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर प्रयोगशाळेतल्या हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, एक-दोन खडे बादलीभर पाण्याला पुरतात. आमच्या कोरींना मात्र यातले काहीच करावे लागले नाही. आदल्या दिवशी पाणी बदलले होते आणि बाकीचे पावसाने केले.

आता वीण पाहा, कारण ती पाहण्यासारखी आहे. अंगाने भरलेल्या मादीमागे दोन-तीन सडपातळ नर फिरत असतात. एक नर तिच्यापुढे आडवा होतो आणि मादी आपले तोंड त्याच्या पोटाशी टेकवते. वरून पाहिले तर इंग्रजी ‘टी’ अक्षर दिसते. त्याच क्षणी मादी पोटाखालचे दोन पर जुळवून ओंजळ करते आणि तीत थोडी अंडी सोडते. नर तर तोंडाशी आणि अंडी दूर मागे. मग फलन होते कसे? १९९५ मध्ये मासानोरी कोहदा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी याच जातीवर केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते मादी शुक्रजंतू चक्क पिते. ते तिच्या आतड्यातून वेगाने पुढे सरकतात आणि श्वसनाच्या हवेबरोबर गुदद्वारातून बाहेर पडून परांच्या ओंजळीतल्या अंड्यांवर येतात. हवा गिळणाऱ्या आतड्याची वाट आयती तयार होती, तिचा हा दुसरा उपयोग. फायदा असा की ओंजळीतल्या त्या अंड्यांना एका वेळी एकाच नराचे शुक्रजंतू मिळतात, इतरांची लुडबुड चालत नाही.

ओंजळ भरली की मादी जागा शोधते. एखादे पान किंवा काचेचा तुकडा तोंडाने साफ करते, पोट टेकवते आणि अंडी चिकटवून निघून येते. पुढची ओंजळ दुसरीकडे. असे तासन्तास चालते आणि एकूण शंभर-दोनशे अंडीही होतात. बहुधा ती पाण्याचा प्रवाह लागेल अशी जागा निवडते.

तिची राखण इथे संपते. ओढ्यात एवढी पुरते, कारण तिथे अंडी पसरलेली असतात आणि घालणारे मासे पुढे निघून जातात. अंड्यांना तिथे अंतराचे संरक्षण असते. तीन फुटांच्या काचपेटीत नेमके अंतरच नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्याच बाजारात मिळते. मुंबईच्या मासळीबाजारात येणारा शिंगाळा हाही कॅटफिशच. त्याचा नर फलित अंडी स्वतःच्या तोंडात धरतो आणि पिले स्वतंत्र होईपर्यंत कित्येक आठवडे जवळजवळ उपाशी राहतो. ही अंडी थोडी, पण गोटीएवढी असतात. वर्गात एक गणित घालून पाहा. कोरीच्या अंड्याचा व्यास सुमारे दीड मिलिमीटर, शिंगाळ्याच्या अंड्याचा समजा पंधरा मिलिमीटर. तर आकारमान किती पट? व्यास दसपट, म्हणून आकारमान हजारपट. पुष्कळ स्वस्त अंडी पसरायची, की थोडी महाग अंडी जिवापाड जपायची, हे दोन हिशेब आहेत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि जागा बदलली की दोन्ही कोलमडतात. पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आल्यावर तोंडात अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे पकडले गेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात याबद्दल इशारे दिले होते. बाप आणि पिढी दोन्ही एकाच जाळ्यात.

तर सामाईक टाकीत आपण अंड्यांना अंतर मिळवून द्यायचे. मोठे मासे हलवण्यापेक्षा अंडी हलवणे सोपे. मात्र घातल्या घातल्या हात लावू नये. तासा-दोन तासांत कवच कडक होते. मग बोट ओले करून अंडे हलकेच लोळवले तर ते बोटाला चिकटून येते. जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेनेही निघते. आइस्क्रीमच्या स्वच्छ डब्यात टाकीचेच पाणी घ्या, अंडी एकमेकांना न लागतील अशी आतल्या भिंतीवर चिकटवा आणि डबा टाकीतच तरंगत ठेवा, म्हणजे तापमान सारखे राहते. हवेच्या पंपाची एक नळी त्यात सोडून मंद बुडबुडे चालू ठेवावेत. ओढ्यातल्या प्रवाहाचे काम ते करतात.

खरा शत्रू आता बुरशी. फलन न झालेली अंडी पांढरी, अपारदर्शक होतात. त्यांवर कापसासारखे तंतू उगवतात आणि शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरतात. म्हणून रोज भिंगातून तपासून पांढरी अंडी ड्रॉपरने काढून टाकावीत. हे काम दोन विद्यार्थ्यांकडे द्यावे. ते आपल्यापेक्षा नेटाने करतात. पाणी फिकट आकाशी दिसेल इतके मिथिलीन ब्लूचे थेंब घातले तर बुरशीला आळा बसतो. हे औषध मत्स्यालयाच्या दुकानातले घ्यावे, कारण प्रयोगशाळेतल्या रंजकात बऱ्याचदा अल्कोहोल असते. मोठ्या टाकीत ते ओतू नये. गाळणीतले उपयोगी जीवाणू त्याने मरतात. औषध नको असेल तर देशी बदामाचे वाळलेले पान डब्यात टाकावे. त्यातल्या टॅनिनमुळेही बुरशी काहीशी रोखली जाते, आणि हे झाड मुंबईत रस्तोरस्ती आहे.

चांगली अंडी दिवसागणिक तपकिरी होत जातात. तिसऱ्या दिवशी भिंगाखाली डोळ्यांचे दोन ठिपके दिसतात; हा क्षण वर्गाने चुकवू नये. साधारण पंचवीस अंशांना तीन ते पाच दिवसांत पिले बाहेर येतात. आता मिथिलीन ब्लू बंद, आणि डब्यातले थोडे पाणी रोज टाकीतल्या पाण्याने बदलायचे. पहिले दोन-तीन दिवस पिले पोटाच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, तेव्हा काही घालू नये. नंतर आर्टिमियाची ताजी पिले उत्तम. ती मिठाच्या पाण्यात उबवतात, म्हणून गोड्या पाण्याने धुऊन द्यावीत. केळीच्या सालीच्या पाण्यात वाढलेले सूक्ष्मजीव जोडीला चालतात, आणि त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आणखी एक तास सत्कारणी लागतो. उकडलेल्या अंड्याचा बलक कुणी सुचवील, पण एवढ्याशा डब्यात तो पाणी नासवतो. नाल्यातून आणलेले ट्युबिफेक्स तर नकोच.

आमच्या नऊ अंड्यांपैकी तीन पांढरी झाली, सहा फुटली. शनिवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटली, तेव्हा डबा शिपाईकाकांच्या खोलीत गेला आणि रविवारी दोनदा पाणी त्यांनीच बदलले. चार पिले वाढली. सेंटिमीटरभराची होईपर्यंत ती डब्यातून जाळीच्या पेटीत आणि मग मोठ्या टाकीत आली. एंजलच्या तोंडात मावणार नाही इतके पिलू झाल्याशिवाय त्याला मोकळे सोडायचे नाही, हे मोजमाप मुलींनीच पट्टी घेऊन ठरवले.

पुढच्या खेपेला पिले जास्त झाली, तेव्हा एक मुलगा म्हणाला, पवईच्या तलावात सोडू या. त्याला नाही म्हणावे लागले. दक्षिण अमेरिकेतलाच सकर कॅटफिश असाच टाक्यांतून सुटून उजनीच्या जलाशयात पोहोचला आहे, आणि तिथले मच्छीमार आपल्या जाळ्यांतून त्याचे काटे सोडवत बसतात. आमची जास्तीची पिले शेजारच्या दोन शाळांनी नेली.