गोड द्राक्षारसातली साखर कोठून येते?

पांढरा द्राक्षारस गोड लागला की त्यात साखर घातली असणार, आणि ज्या अर्थी तो गोड आहे त्या अर्थी सौम्यही असणार, असे आमचे पुष्कळ वाचक धरून चालतात. इटलीच्या चांगल्या द्राक्षारसांपुरते बोलायचे तर हे दोन्ही समज खोटे आहेत. आणि दुसरा तर धोक्याचाही आहे.

व्हेरोना शहराच्या पूर्वेस सोआव्हे नावाचे गाव आहे. तेथील गार्गानेगा जातीच्या द्राक्षांपासून दोन अगदी निराळे द्राक्षारस होतात. ताजी द्राक्षे चिरडून रस पुरता आंबू दिला, तर त्यातील जवळजवळ सर्व साखरेचा मद्यार्क होतो. अशा द्राक्षारसाला इटालियन लोक ‘सेक्को’, म्हणजे कोरडा, म्हणतात. (पातळ पदार्थाला कोरडा म्हणणे आपल्या कानांस चमत्कारिक वाटते खरे!) तो जिभेवर स्वच्छ, किंचित आंबूस उतरतो आणि मागे कडवट बदामाची चव ठेवून जातो. तीच द्राक्षे हिवाळ्यात काही महिने हवेशीर माडीवर सुकवली म्हणजे पाणी उडून साखर दाटते. इतकी की आंबूनही ती सगळी सरत नाही. हा ‘रेचोतो’. १९९८ साली त्याला इटलीतील सर्वोच्च दर्जाची मोहोर मिळाली.

तोस्काना प्रांतातील ‘व्हिन सांतो’, म्हणजे पवित्र द्राक्षारस, याच वाटेने जातो, परंतु अधिक सबुरीने. त्रेब्बियानो व माल्वासिया द्राक्षांचे घड तुळयांना टांगतात किंवा चटयांवर पसरतात. मग तो दाट रस लहानशा पिंपांत भरून, तोंडे बंद करून, माळ्यावर तीन-तीन वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ ठेवून देतात. उन्हाळ्याची काहिली आणि हिवाळ्याचा गारठा दोन्ही त्याने सोसावे, हाच त्यातला हेतू. नावाविषयी कथा अनेक आहेत. मिस्साबलिदानासाठी तो वापरीत म्हणून हे नाव पडले, ही आम्हांस सर्वांत पटते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या नियमसंहितेनुसार मिस्सेचा द्राक्षारस द्राक्षफळाचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा लागतो. गोड की कोरडा, याविषयी ती काही सांगत नाही.

आता सौम्यपणाविषयी. पिएमोंतेचा ‘मोस्कातो द’आस्ती’ अर्धवट आंबला असतानाच थंड करून थांबवतात. म्हणून त्यात मद्यार्क अवघा ५ टक्क्यांच्या आसपास असतो. उलट सिसिलीच्या मार्सालामध्ये वरून मद्यार्क घालतात व तो १७-१८ टक्क्यांवर जातो. गोड मार्साला घेताना जिभेला हा फरक उमगत नाही, डोक्याला मात्र मागाहून उमगतो. “गोडच तर आहे, घेऊ द्या,” म्हणत सणाच्या दिवशी पोरासोरांपुढे पेला सरकवणारे मामा-काका आम्ही पाहिले आहेत. मुलांना तो मुळीच देऊ नये. आणि मामांनीही बाटलीवरचा आकडा आधी वाचावा.

चाखताना कोरडा आधी घ्यावा, गोड मागाहून. क्रम उलटला तर बिचारा कोरडा नुसता आंबट लागतो. कोरडा चांगला गार असावा, मात्र पेल्यात बर्फ टाकू नये. व्हिन सांतोला लहान पेला पुरे. तोस्कानातील लोक जेवण आटोपल्यावर बदामाची कडक बिस्किटे त्यात बुडवून खातात, आणि तेवढ्या एका पेल्यावर तासभर गप्पा करीत बसतात.