मागच्या चाकाचं ऐकणारा दिवा

काही मोटारींच्या हेडलाइटचं दुखणं हेडलाइटमध्ये नसतंच. ते सापडतं गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाजवळ. तिथे सस्पेन्शनच्या आर्मला बोटभर लांबीची एक दांडी जोडलेली असते. तिच्या टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात आणि वरचं टोक मुठीत मावेल अशा एका सेन्सरला जाऊन मिळतं. ब्रिटन-जर्मनीसारख्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. त्या खारट चिखलाने ही दांडी गंजून जाम झाली किंवा तुटली, की कधीकधी गाडीच्या तोंडाशी बसवलेला महागडा झेनॉन दिवा मान खाली घालतो आणि चालकाला पुढचा रस्ता दिसेनासा होतो. दिवा शाबूत, बल्ब शाबूत, फ्यूजही शाबूत. बिघाड पार मागच्या चाकाशी.

दिव्याने मागच्या चाकाचं ऐकायचं कारणच काय? ते कळायला आधी या दिव्याचा जोर पाहायला हवा.

झेनॉन हा आपण श्वासात घेतो त्याच हवेतला वायू, पण कोटीभर कणांमागे एखादाच. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लंडनमध्ये द्रवरूप हवेतून तो शोधून काढला. जवळपास शतकभराने, १९९१मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीज मोटारीत तो हेडलाइट होऊन रस्त्यावर उतरला. या बल्बमध्ये तार नसते. क्वार्ट्झच्या इवल्याशा कुपीत दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यात सुमारे ४ मिलिमीटरची फट. ती फट पहिल्यांदा ओलांडायला विजेला वीस हजारांहून जास्त व्होल्टचा झटका लागतो. गाडीची बॅटरी मात्र १२ व्होल्टची. मधलं सगळं काम बॅलास्ट नावाचा डबा करतो. एकदा ठिणगी पडली की पुढे ८५ व्होल्टच्या आसपास भागतं. झेनॉनचं काम चटकन पेटण्याचं. पेटलेल्या झेनॉनच्या उष्णतेने कुपीतल्या सोडियम, स्कँडियमसारख्या धातूंच्या क्षारांची वाफ होते आणि काही सेकंदांनी डोळ्यांना जाणवणारा बराचसा उजेड तीच वाफ देत असते. ३५ वॅट खाऊन हा दिवा सुमारे ३,२०० ल्यूमेन देतो. हॅलोजन ५५ वॅट खातो आणि १,५०० ल्यूमेनच्या आसपास थांबतो.

आता एवढा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत गेला तर? हा दिवा बटण फिरवून मंद करता येत नाही. म्हणून लेन्सच्या आत पत्र्याचा एक पडदा उभा करतात आणि झोताचा वरचा भाग सरळ अडवून टाकतात. अशा गाडीचा डिपर भिंतीवर पाहावा: वर काळोख, खाली पांढराशुभ्र उजेड, आणि मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. सगळी सभ्यता त्या रेघेत आहे. रेघेच्या खाली रस्ता, वर समोरच्या माणसाचे डोळे.

ही रेघ क्षितिजाला समांतर नसते. ती पुढे जाता जाता थोडी उतरत जाते, साधारण १ टक्का, म्हणजे १० मीटरमागे १० सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर आहे असं धरलं तर रेघ ६५ मीटरवर रस्त्याला टेकेल. ठीक. मग डिकीत बॅगा भरा, मागच्या सीटवर तीन पाहुणे बसवा. गाडीचं बूड ५ सेंटिमीटर दबलं. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.७ मीटर असेल, तर गाडीने तोंड वर केलं जेमतेम एका अंशाने. एक अंश म्हणजे काय, कंपासपेटीतल्या कोनमापकावरची सर्वांत लहान खूण. पण १ टक्का खाली जाणारी रेघ आता ०.८५ टक्के वर चढू लागली. ५० मीटरवर ती जमिनीपासून १०७ सेंटिमीटरवर पोचते, ६० मीटरवर ११६. छोट्या मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण इथेच असतात.

आणि हे दुरुस्त करायला किती हलवावं लागतं? दिव्याचा आतला भाग बिजागरीवर डुलतो. त्याला ढकलणारी मोटर बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर असेल, तर दोन मिलिमीटरसुद्धा पुरेसे होतात. मला सगळ्यात जास्त थक्क करतो तो हाच हिशेब. दोन मिलिमीटरवर समोरच्याचं दिपणं-न दिपणं ठरतं, आणि ते दोन मिलिमीटर किती नि कधी, हे ठरवायला गाडीला स्वतःच्याच बसण्या-उठण्याची सतत नोंद ठेवावी लागते.

हा प्रश्न झेनॉनने जन्माला घातलेला नाही. १९४८ साली पॅरिसमध्ये दाखवलेल्या सित्रोएनच्या टू-सीव्ही या साध्यासुध्या गाडीचं सस्पेन्शन इतकं मऊ होतं, की सामान चढवताच दिवे वर जात. म्हणून चालकापुढे दिवे खाली-वर करायला एक मूठ दिलेली होती. त्याच कंपनीने १९६७च्या डीएसमध्ये बाहेरचे दिवे तारांनी सस्पेन्शनला जोडून टाकले. गाडी डोलली की दिवे आपोआप सावरत, एकही चिप नसताना. आपल्याकडच्या अनेक मोटारींत स्टीअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची चकती असते, ती याच घराण्यातली. ती कोणी फिरवतं का, हा वेगळा लेख होईल.

झेनॉन आल्यावर मात्र युरोपने चालकाच्या आठवणीवर विसंबायचं नाकारलं. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या वाहननियमात मर्यादा आखली गेली: प्रकाशस्रोत २,००० ल्यूमेनच्या वर असेल तर दिवा आपोआप पातळी सांभाळणारा हवा आणि त्याची काच धुणारे फवारेही हवेत. फवारे कशाला, तर काचेवरच्या चिखलाने उजेड फुटतो आणि ती कापीव रेघच पुसली जाते. मग नियमाला वळसा घालणारेही निघाले. २५ वॅटचा झेनॉन बल्ब आला, बरोब्बर २,००० ल्यूमेनच्या मर्यादेत बसणारा, म्हणजे फवारे नकोत, सेन्सर नकोत. अमेरिकेने तर ही स्वयंचलित सोय कधी सक्तीचीच केली नाही.

ही सोय चालते कशी? चाक खाली-वर झालं की दांडी सेन्सरचा छोटा हात फिरवते आणि सेन्सर त्या कोनाचे व्होल्ट करून कंट्रोल युनिटला कळवतो. बऱ्याच गाड्यांत एक सेन्सर पुढे, एक मागे असतो. दोघांच्या फरकावरून गाडी किती कलली ते कळतं. साधी यंत्रणा फक्त ओझ्याकडे बघते. खड्ड्यातून गेल्यावर होणारी उचकी ती सोडून देते आणि सरासरी काढून सावकाश दिवा हलवते. हुशार यंत्रणा ब्रेक दाबल्यावर गाडी नाकावर झुकते तेव्हाही सेकंदाच्या छोट्या अंशात दिवा सावरते.

दिव्यातली मोटर बहुधा स्टेपर जातीची असते. ती पावलं मोजत चालते, पण आपण कुठे उभे आहोत हे तिला ठाऊक नसतं. म्हणून चावी फिरवल्यावर अनेक गाड्यांचे दिवे आधी पार खाली जातात, मग वर येऊन स्थिरावतात. नवख्याला ती गाडीने केलेली सलामी वाटते. प्रत्यक्षात मोटर तळाला टेकून शून्य गाठते आणि तिथून पावलं मोजत वर येते. तिचा प्लास्टिकचा दाता झिजला, किंवा ढकलणाऱ्या दांडीचा गोळा खोबणीतून निसटला, तर मोटर इमानाने पावलं मोजत राहते आणि दिवा जागचा हलत नाही. म्हणून गॅरेजमधला पहिला प्रश्न असा असावा: एकच दिवा खाली आहे की दोन्ही? एकच असेल तर संशय त्या दिव्याच्या मोटरवर. दोन्ही असतील तर गाडी जॅकवर चढवा आणि मागे जाऊन दांडी बघा.

सेन्सर साफ मेला तर उलट बरं. यातले पुष्कळ सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्ट एवढ्याच पट्ट्यात बोलतात. वायर तुटून ० आलं किंवा शॉर्ट होऊन ५ आलं, की काहीतरी बिघडलंय हे युनिटला लगेच उमगतं. ते डॅशबोर्डवर इशारा लावतं आणि बहुतेक गाड्यांत दिवे खाली झुकवून ठेवतं. मालकाला कमी दिसलं तरी चालेल, समोरचा आंधळा होऊ नये, असा तो हिशेब. चालकाला तो महाग पडू शकतो. झोत ३ टक्के खाली गेला तर रेघ २२ मीटरच्या आतच रस्त्याला टेकते, आणि ताशी ८० किलोमीटर वेगात २२ मीटर म्हणजे एक सेकंद.

खरी पंचाईत खोटं बोलणाऱ्या सेन्सरची. दांडी तुटली आणि सेन्सरचा हात मध्येच कुठेतरी लोंबकळत राहिला, किंवा गंजून एका जागी अडकला, तर येणारे व्होल्ट अगदी नियमातले असतात. युनिटला वाटतं, गाडी काही कललेली नाही. इशाऱ्याचा दिवा लागत नाही, स्कॅनरवर कोड उमटत नाही. डिकी भरलेली असो वा रिकामी, दिवा जागचा हलत नाही. चालकाला ते जाणवतही नाही. जाणवतं ते समोरून येणाऱ्यांना, आणि ते अप्पर मारून निघून जातात.

बाजारात मिळणारं किट आणून हॅलोजनच्या दिव्यात झेनॉन बल्ब कोंबणाऱ्यांचं काय होतं हे आता सांगायला नको. तिथे रेघही धड नसते आणि दांडी तर नसतेच. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत मोटारीतला असा बदल नापास होतो.

नवा सेन्सर बसवला म्हणजेही काम संपत नाही. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, टायरची हवा कंपनीच्या मापात आणून, डायग्नोस्टिक मशीनवरून युनिटला शिकवावं लागतं की ही तुझी सरळ स्थिती. स्प्रिंग बदलल्या तरी तेच. हा खटाटोप टाळायला काही जण दिव्याच्या मागचा स्क्रू पिळून झोत हाताने वर घेतात, आणि त्या दिवशी काम झाल्यासारखं वाटतंही. पुढे कोणी इमानदारीने सेन्सर बदलला की युनिट दिवा आपल्या नेहमीच्या जागी उचलतं, त्यात पिळलेल्या स्क्रूची भर पडते, आणि रेघ २ टक्के वर चढू लागली असेल तर ५० मीटरवर ती १६५ सेंटिमीटर उंचीवरून जाते. तेव्हा आधी स्क्रू मूळ जागी आणायचा, मग कॅलिब्रेशन, आणि शेवटी बीम-टेस्टरसमोर गाडी उभी करून झोत तपासायचा. हा क्रम उलटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.