एकोणसाठ मतं आणि एक शपथ

11 एप्रिल 1807, शनिवार. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीकाठच्या त्र्वा-रिव्हिएर गावात पोटनिवडणूक होती. मतदान गुप्त नव्हतं. मतदाराने पुढे यायचं आणि चारचौघांत उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं. 116 जणांनी मत दिलं, त्यातल्या 59 जणांनी नाव घेतलं इझिकेल हार्ट यांचं. गाव बहुतेक फ्रेंच बोलणारं, कॅथलिक. हार्ट ज्यू होते.

गाव त्यांना ओळखत होतं ते व्यापारामुळे. वडील ॲरन ब्रिटिश फौजेमागोमाग 1760 च्या सुमारास आले आणि तिथेच स्थिरावले. इझिकेल यांनी दुकान चालवलं, मालाची आयात-निर्यात केली, भावांबरोबर बिअरचा कारखाना काढला.

जानेवारी 1808 मध्ये ते लोअर कॅनडा प्रांताच्या विधानसभेत, क्वेबेकला गेले. शपथेच्या मजकुरात ‘ख्रिस्ती’ हा शब्द होता. हार्ट यांनी डोकं झाकून, त्या जागी ‘ज्यू’ म्हणत शपथ घेतली. 20 फेब्रुवारीला सभागृहाने 21 विरुद्ध 5 मतांनी ठराव केला: ज्यू धर्माच्या माणसाला इथे बसता येणार नाही, मत देता येणार नाही.

मे महिन्यात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि गावाने त्यांनाच पुन्हा पाठवलं. या खेपेस त्यांनी इतर सदस्यांसारखीच शपथ घेतली. तरीही 5 मे 1809 रोजी त्यांना दुसऱ्यांदा बाहेर काढण्यात आलं.

यामागे राजकारण होतं, हे खरं. सभागृहात फ्रेंच कॅनेडियन पक्षाचं बहुमत होतं आणि हार्ट ब्रिटिश गव्हर्नरच्या गोटात जातील अशी त्या पक्षाला धास्ती होती. विरोधकाचं एक मत कमी करायचा हिशेब समजू शकतो. पण त्यासाठी त्याचा धर्म पुढे करणं हा अन्यायच होता आणि त्र्वा-रिव्हिएरच्या मतदारांचा अपमानही. उघड्यावर नाव घेण्याचं धैर्य दाखवलं होतं ते त्या सामान्य माणसांनी.

हार्ट पुन्हा व्यापारात रमले. अमेरिकेविरुद्धच्या 1812 च्या युद्धात प्रांताच्या नागरी सेनेत अधिकारी म्हणून उभेही राहिले. पुढे त्यांच्या मुलांनी हक्कांसाठी पाठपुरावा केला. 1832 मध्ये लोअर कॅनडात ज्यूंना समान राजकीय हक्क देणारा कायदा झाला, तोही फ्रेंच बहुमताच्याच विधानसभेत. खुद्द ब्रिटनच्या संसदेत ज्यू सदस्याला आपल्या धर्माप्रमाणे शपथ घेऊन बसायला 1858 साल उजाडावं लागलं.

कायदा झाला तेव्हा हार्ट बासष्ट वर्षांचे होते. 1843 मध्ये त्र्वा-रिव्हिएरलाच त्यांचं निधन झालं. विधानसभेत ते परत कधी बसले नाहीत.