शेवटचं स्टेशन, पहिली पसंती!

तुमच्या ऑफिसात दर शुक्रवारी ‘कर्जतला जाऊ या का?’ असा मेल फिरतो की नाही? फिरतोच! कुणाचं तरी फार्महाऊस, कुणाच्या तरी काकांचा बंगला, नाहीतर नदीकाठचं रिसॉर्ट. पूल, बार्बेक्यू, रविवारी रात्री उशिरा परत आणि सोमवारी फोटो. पण मंडळी, ज्या मातीवर आपण खुर्च्या टाकून बसतो, तिचं आणि मुंबईचं नातं आपल्या वीकेण्डपेक्षा खूप जुनं आहे.

सेण्ट्रलवाल्यांना इंडिकेटरवरचं ‘एस’ हे अक्षर सांगायला नको. एस म्हणजे कर्जत. सीएसएमटीपासून जवळपास शंभर किलोमीटर. रोज पहाटेची लोकल पकडून दोन-सव्वादोन तास जाणारे आणि तेवढेच येणारे इथे खूप आहेत. त्यांच्यासाठी कर्जत हे गेटअवे वगैरे काही नाही, ते घर आहे. मी त्या गाडीने फीचरच्या कामासाठी प्रवास करते तेव्हा मला नेहमी एकच जाणवतं. दादर-ठाण्याच्या गर्दीला आपण मुंबई म्हणतो, पण नेरळनंतर रिकाम्या होत गेलेल्या डब्यात झोपलेली माणसंही मुंबईच असतात.

आधी खोपोली, मग कर्जत

आज खोपोली म्हणजे एक ब्रँच लाइन. पण १८५६ साली खोपोली हेच टर्मिनस होतं! कल्याणहून रेल्वे आली आणि घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबली. पुढे १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट? पालखी, तट्टू, नाहीतर आपले दोन पाय! १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग खुला झाला, त्यासाठी हजारो मजुरांनी जीव गमावला. मेन लाइन कर्जतहून घाट चढू लागली आणि खोपोली बाजूला पडली.

कर्जतचं नशीब उघडलं ते चढामुळे. १ः३७ असा तीव्र चढ एका इंजिनाच्या आवाक्यातला नाही. म्हणून मागून ढकलायला ‘बँकर’ इंजिनं जोडायची आणि तेवढा वेळ गाडी थांबवायची. त्या थांब्यावर पिढ्यान्‌पिढ्या खिडकीतून वडा विकला गेला. दिवाडकरांचा वडा फेमस होण्यामागे चव आहेच, पण हा टाइमटेबलचा फंडाही आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर वंदे भारतला बँकर लागत नाही. गाडी फास्ट झाली, वडा हुकला!

वीज इथली, उजेड मुंबईचा

घाटमाथ्यावर पडणारा पाऊस एरवी पूर्वेला वाहून गेला असता. टाटांनी तो धरणांत अडवला, मोठमोठ्या पाइपांतून कोकणात सोडला आणि पाण्याच्या त्या उडीतून वीज काढली. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. गिरणगावातल्या यंत्रांना ताकद मिळाली ती इथून. भिवपुरीतून बाहेर पडणारं पाणी उल्हास नदीला मिळतं आणि हीच नदी पुढे बदलापूर, कल्याणची तहान भागवते.

या तारांची किंमत ओळखणारा एक माणूस इथलाच होता. माथेरानचे भाई कोतवाल. शिकलेले वकील, आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांसाठी झटणारे. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईला वीज नेणारे टॉवर पाडायला सुरुवात केली. कारखाने थांबवायचे तर वीज तोडा, इतका साधा हिशेब! २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात शहीद झाले.

सेट, रोलर कोस्टर, सेकण्ड होम

एक्स्प्रेस वे २००२ साली पूर्ण झाला आणि खालापूर टोलनाका प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडात बसला. २००५ मध्ये नितीन देसाईंनी चौकजवळ स्टुडिओ उभारला, ‘जोधा अकबर’चे महाल तिथेच बांधले गेले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. मग काय, होर्डिंग्जची रांगच लागली. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाल्यावर ‘नवी मुंबईपासून हाकेच्या अंतरावर’ ही जाहिरात तर ठरलेलीच!

यात वाईट काय? सगळंच नाही. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, केअरटेकरला काम मिळतं. पण ज्या तालुक्यातल्या भात संशोधन केंद्राच्या ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ या वाणांनी गावाचं नाव बियाण्याच्या पिशव्यांवर नेलं, तिथल्याच भातखाचरांना आता तारेचं कुंपण पडतंय. कालचा शेतमालक आज त्याच जमिनीवरच्या बंगल्याची राखण करताना दिसतो, तेव्हा या व्यवहारात नेमकं कुणाचं भलं झालं, हा प्रश्न पडतोच.

गेटच्या बाहेरचा डोंगर

१९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकूर समाजाची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता असताना चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रं पोचलीच नाहीत. बचाव पथकं पावसात डोंगर चढून गेली आणि हातांनी माती उपसत राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

खाली एक्स्प्रेस वेवरून गाड्या सुसाट जातात आणि वर साधी पायवाट. एकाच तालुक्यात एवढं अंतर! ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द मी लिहिते तेव्हा आता मला ही वाडी आठवते.

प्लॉट बघताय? मग हे वाचाच

■ महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. नसाल तर परवानगी हवी, नाहीतर एनए प्लॉट.

■ आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासींना घेता येत नाही. सातबारा आणि जुने फेरफार वकिलाकडून तपासून घ्या.

■ माथेरान आणि भोवतालचा परिसर २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. बांधकामाला तिथे बंधनं आहेत.

■ एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एजंट काहीही सांगो, मोजणी करून घ्या.

■ प्लॉट उन्हाळ्यात आवडला? जुलैत पुन्हा बघा. ओढा कुठून वाहतो आणि डोंगराची माती कुठे सरकते, हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट. पुढच्या वीकेण्डला फार्महाऊसच्या गेटबाहेर पडा. शेजारची वाडी कुठली, तिथे पाणी कुठून येतं, पावसाळ्यात माणसं कुठे जातात, एवढं तरी विचारा. आपण कर्जतला आपलं उपनगर म्हणायला लागलोय ना? मग शेजारधर्मही पाळायला हवा!