हरलो, पण कितीने? गुणफरकावरून संघाची ताकद कशी ओळखायची
(मुक्ताईनगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळेचा संघ सामना खेळून गावात परत आला की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "जिंकले का हरले?" उत्तर मिळालं की विषय संपला. आज मला एवढंच सांगायचं आहे की तो विषय तिथे संपत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न जास्त कामाचा असतो, तो म्हणजे "कितीने?"

आपला भाग केळीचा. घड कापला एवढं सांगून कोणी व्यवहार करत नाही. किती किलोचा, हे विचारतोच. खेळात मात्र आपण घड मोजतो आणि वजन सोडून देतो.

आधी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा बास्केटबॉलचे दोन शालेय संघ आहेत, प्रत्येकी पाच सामने झाले. पहिला संघ २, १, ३ आणि २ गुणांनी चार सामने जिंकला, आणि पाचवा २४ गुणांनी हरला. दुसरा संघ २२, १८ आणि १५ गुणांनी तीन जिंकला, आणि दोन हरला, एक १ गुणाने, दुसरा २ गुणांनी. विजय मोजले तर पहिला संघ ४–३ ने पुढे. आता गुणफरकाची सरासरी काढा. पहिला संघ दर सामन्याला ३.२ गुणांनी मागे आहे. दुसरा १०.४ गुणांनी पुढे आहे. उद्या या दोघांचा सामना लागला तर तुम्ही कोणाच्या बाजूने बोलाल?

असं का होतं? शेवटचे पाच सेकंद उरलेत, चेंडू रिंगवर गोल फिरतो आणि आत पडतो किंवा बाहेर पडतो. आत पडला तर 'विजय', बाहेर पडला तर 'पराभव'. पण त्या मुलांचं कौशल्य त्या एका क्षणात बदललेलं नसतं. एका गुणाने जिंकलेला आणि एका गुणाने हरलेला संघ ताकदीने जवळजवळ सारखेच. निकालाच्या वहीत मात्र एकाला सगळं मिळतं, दुसऱ्याला काहीच नाही. अटीतटीच्या सामन्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. वीस गुणांचा फरक नुसत्या नशिबाने सहसा पडत नाही.

बास्केटबॉलमध्ये ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण गुण भरपूर होतात. फुटबॉलमध्ये एका गोलवर सामना फिरतो. अमेरिकेच्या एनबीएमध्ये ४८ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाच्या हाती साधारण शंभर वेळा चेंडू येतो. म्हणजे शंभर छोट्या परीक्षा झाल्या. आपल्याकडे ४० मिनिटांचा सामना असतो, तिथे त्या थोड्या कमी. इतक्या परीक्षांची बेरीज म्हणजे गुणफरक. त्यात जेवढी माहिती असते, तेवढी 'हो' किंवा 'नाही' अशा एका उत्तरात मावत नाही.

एनबीएत प्रत्येक संघ साखळीचे ८२ सामने खेळतो. तिथला एक ढोबळ हिशेब आहे: ८२ चे निम्मे म्हणजे ४१, आणि सरासरी गुणफरकाच्या प्रत्येक गुणामागे सुमारे २.७ विजय. आता २०२४-२५ चा हंगाम बघा. लॉस एंजेलिस लेकर्सनी ५० सामने जिंकले, मिनेसोटा टिंबरवुल्व्ज्‌नी ४९. तक्त्यात लेकर्स तिसरे, मिनेसोटा सहावे. पण लेकर्सचा सरासरी फरक फक्त १.२ होता आणि मिनेसोटाचा ५.०. आपल्या हिशेबाने लेकर्सचे विजय ४४ च्या आसपास असायला हवे होते आणि मिनेसोटाचे ५४ च्या पुढे. बाद फेरीत हे दोघं समोरासमोर आले आणि मिनेसोटाने मालिका ४–१ ने घेतली. तक्ता एक सांगत होता, फरक दुसरंच सांगत होता. फरकाचं खरं ठरलं.

त्याच हंगामात ओक्लाहोमा सिटी थंडरने दर सामन्याला १२.९ गुणांची आघाडी ठेवली. लेकर्सचा १९७१-७२ पासूनचा १२.३ चा विक्रम त्यांनी मोडला, आणि विजेतेपदही त्यांनीच घेतलं.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेचं आम्हाला काय? तर कबड्डीकडे या. प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा. अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, २ हरले आणि ३ बरोबरीत सुटले. एकूण गुणफरक अधिक २५३. म्हणजे दर सामन्याला साडेअकरा. दुसऱ्या क्रमांकावरच्या जयपूरचे विजय १६, म्हणजे फक्त एक कमी. पण त्यांचा फरक १४१, सामन्याला साधारण साडेसहा. विजयांच्या रकान्यात दोघं खांद्याला खांदा लावून होते, फरकाच्या रकान्यात पुणे बरंच पुढे होतं. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पुण्याने अंतिम सामना २८–२५ असा जिंकला.

पण मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगणार नाही. त्या अंतिम सामन्यात समोर कोण होतं? हरियाणा स्टीलर्स. त्यांचा साखळीतला गुणफरक उणे होता, उणे १३! गुजरात आणि हरियाणा दोघांचे गुण ७०, आणि फरक चांगला म्हणून गुजरात चौथ्या क्रमांकावर, हरियाणा पाचव्या. बाद फेरीत हेच दोघं भिडले आणि हरियाणाने गुजरातला ४२–२५ असं हरवलं. पुढे जयपूरलाही ३१–२७ ने बाहेर काढलं. तर मंडळी, गुणफरक म्हणजे भविष्य नाही. तो शक्यता सांगतो. दहा वेळा अंदाज केलात तर जास्त वेळा बरोबर याल, दहाच्या दहा वेळा नाही.

म्हणून हा आकडा वापरताना चार पथ्यं पाळा.

पहिलं, समोर कोण होतं ते बघा. समजा एखाद्या तगड्या संघाची सरासरी अधिक १५ आहे आणि तुम्ही त्यांच्याकडून ६ ने हरलात. १५ वजा ६, म्हणजे तुमची कामगिरी अधिक ९ ची झाली. दुसरीकडे, उणे १८ सरासरीच्या नवख्या संघाला तुम्ही २० ने हरवलंत. ही कामगिरी फक्त अधिक २ ची. इथे पराभव हा विजयापेक्षा चांगला खेळ होता.

दुसरं, फार मोठ्या फरकाला लगाम घाला. तीस गुणांची आघाडी झाली की शहाणा प्रशिक्षक राखीव मुलांना खेळवतो. तिथून पुढचे गुण ताकद सांगत नाहीत. वहीत २० च्या वरचा फरक २० च धरा. मघाच्या उदाहरणात असं केलं तर पहिला संघ उणे २.४ वर येतो आणि दुसरा अधिक १० वर. निष्कर्ष बदलत नाही, पण एकाच सामन्याचा भार कमी होतो.

तिसरं, दोन-तीन सामन्यांवर निकाल देऊ नका. एका सामन्यात फरक दहा-बारा गुणांनी सहज इकडचा तिकडे होतो. सामने वाढतात तशी सरासरी स्थिरावते.

चौथं, संघ तोच आहे का ते तपासा. लेकर्सनी त्याच हंगामात, फेब्रुवारीमध्ये, लुका डॉन्चिचला घेतलं. म्हणजे पूर्ण हंगामाची सरासरी दोन वेगळ्या संघांची होती. आपल्याकडे दहावीची परीक्षा आली की मुख्य खेळाडू गळतात. मग जुना फरक नव्या संघाला लावायचा नाही.

एका सरांनी मघाशी विचारलं, "तालुक्याच्या स्पर्धेत तर हरला तो बाहेर. तिथे फरकाला कोण विचारतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते आणि बाद पद्धतीत एका गुणाने हरलेली मुलगी आणि चाळीस गुणांनी हरलेली मुलगी एकाच गाडीने घरी येतात. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलत गुणांसाठीही मुलं कोणत्या स्तरापर्यंत पोचली हेच बघतात. तो नियम आपण इथे बसून बदलू शकत नाही. साखळी स्पर्धेत मात्र फरकाला जागा आहे. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलच्या नियमात गुण समान झाले तर आधी आपसातल्या सामन्यांचा निकाल बघतात, आणि तिथेही कोडं सुटलं नाही तर गुणफरक. २०२४ च्या आयपीएलमध्ये बंगळुरू आणि चेन्नईचे गुण सारखेच, १४ होते. बंगळुरू पुढे गेलं ते नेट रनरेटवर. तोही एका अर्थी फरकाचाच हिशेब.

पण माझा मुद्दा नियमाच्या पुढचा आहे. संघ हरून आल्यावर काय होतं? पुढच्या वर्षी मैदानाला पैसे नाहीत, सरांचा उत्साह गेला, पालक म्हणतात "पुरे झालं, अभ्यास कर." हा निर्णय आपण बहुतेक वेळा एका निकालावर घेतो. समजा, मुलींचा एखादा संघ गेल्या वर्षी सरासरी १८ ने हरत होता आणि यंदा ५ ने हरतो आहे. विजय तेव्हाही शून्य, आताही शून्य. पण हा संघ बंद करायचा की त्याला अजून एक वर्ष द्यायचं? तेरा गुणांची प्रगती वहीत लिहिलेली असेल तर सरांना मुख्याध्यापकांसमोर ती वही ठेवता येते. लिहिलेलीच नसेल, तर हातात फक्त 'हरले' हा शब्द उरतो.

उलटही खरं आहे. एक-दोन गुणांनी सलग जिंकत आलेल्या संघाचा सत्कार जरूर करा, पण सरांनी वही बघून सराव वाढवावा. तो संघ दिसतो तेवढा पुढे नाही.

याला संगणक लागत नाही. दोनशे पानी वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, समोरचा संघ, आपले गुण, त्यांचे गुण, फरक. हरलो तर उणे चिन्ह घाला. दर पाच सामन्यांनी सरासरी काढा आणि आधीच्या पाचांशी ताडून बघा. सातवीतलं पोरगंही हे करेल, आणि त्याचं गणितही पक्कं होईल.

तर पुढच्या वेळी पोरं मैदानावरून आली की "जिंकले का?" हे विचाराच. पण लगेच "कितीने?" हेही विचारा, आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.